मागचा वायपर, बंपरमधला इंडिकेटर आणि खर्चाची कात्री

गाडी बघायला शोरूममध्ये गेलेला माणूस हल्ली आधी विचारतो, "किती स्टार?" पूर्वी हा प्रश्न फारसं कोणी विचारत नसे, त्यामुळे हा बदल मोठा आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप, म्हणजे धडक चाचणीवरून गाडीला सुरक्षिततेचे स्टार देणारी योजना, लागू झालं. त्यात गाडी ताशी ६४ किलोमीटरने समोरच्या अडथळ्यावर अर्धवट बाजूने आदळवतात, ५० च्या वेगाने बाजूने धडक देतात आणि २९ च्या वेगाने खांबावर आपटवतात. धडक झाल्यावर आतला माणूस वाचेल का, याचं उत्तर त्यातून बऱ्यापैकी मिळतं.

पण धडक होण्याच्या आधीचे जे दोन-तीन सेकंद असतात त्यांचं काय? मागून येणारा ट्रक दिसला का, मागच्याला आपला इंडिकेटर दिसला का, काचेवर वाफ धरली तेव्हा बटण न बघता सापडलं का, या गोष्टी त्या स्टारमध्ये जवळजवळ नाहीतच. आणि कंपन्यांची कात्री नेमकी इथे चालते. कायद्याने सक्ती केलेली वस्तू बेस मॉडेललाही, म्हणजे सगळ्यात स्वस्त व्हेरियंटलाही, द्यावी लागते. १ एप्रिल २०१९ पासून एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, सगळ्या नव्या गाड्यांत आलं. त्याच वर्षी १ जुलैपासून ड्रायव्हरची एअरबॅग, मागचे पार्किंग सेन्सर, वेगाची सूचना आणि पुढच्या दोन्ही सीटना बेल्टचा अलार्म सक्तीचा झाला. शेजारच्या सीटची एअरबॅग मात्र २०२१ संपेपर्यंत कित्येक गाड्यांच्या खालच्या व्हेरियंटला नव्हती, कारण तोवर सक्ती नव्हती. ज्या वस्तूला सक्ती नाही ती वरच्या व्हेरियंटला ढकलायची आणि सनरूफ, मोठी स्क्रीन, अलॉय व्हील यांच्या गठ्ठ्यात बांधून विकायची, ही सरळ रीत आहे. मागची काच पुसायला वायपर हवा असेल तर सनरूफचेही पैसे मोजा, असा तो हिशेब. स्टायलिंगचा त्रास निराळा: तिथे वस्तू दिलेली असते, पण अशा जागी की तिचा उपयोग निम्म्यावर येतो.

मागची काच

पावसाळ्यात मुंबई-गोवा रस्त्यावर किंवा ताम्हिणी, आंबोली, वरंध असल्या घाटात हॅचबॅक किंवा एसयूव्ही चालवणाऱ्याला मागचा वायपर ही चैन वाटत नाही. सेडानच्या मागच्या काचेवरून वारा उताराने खाली सरकतो आणि पाणी बरोबर घेऊन जातो. हॅचबॅकची पाठ मात्र भिंतीसारखी उभी. गाडी पुढे जाते तशी त्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो, तिथे भोवरे तयार होतात आणि चाकांनी उडवलेला चिखल-पाण्याचा फवारा उलटा फिरून काचेवर बसतो. म्हणजे पाऊस थांबला तरी ओल्या रस्त्यावर काच घाण होतच राहते. ताशी ५०-६० ने पंधरा-वीस मिनिटं चाललात की आतल्या आरशात राखाडी पडदा. कूपेसारख्या उतरत्या छताच्या एसयूव्हींमध्ये "वारा काच साफ करतो" असं विक्रेते सांगतात. वेगात आणि काच पुरेशी तिरकी असेल तर थोडं खरं आहे. पण घाटात ट्रकच्या मागे ताशी २५ ने चढताना असला वारा कुठून येणार?

नंतर बसवून घेऊ, असं बरेच जण म्हणतात. ते वाटतं तितकं सोपं नाही. वायपरसाठी लागतात मोटर, आर्म, ब्लेड, पुढच्या टाकीपासून छताच्या अस्तरामागून मागपर्यंत जाणारी पाण्याची नळी, डिकीच्या बिजागरीजवळच्या रबरी नळकांड्यातून जाणारी वायरिंग आणि स्टिअरिंगजवळचा मागच्या वायपरची पोझिशन असलेला दांडा. बऱ्याच खालच्या व्हेरियंटच्या काचेत किंवा डिकीच्या पत्र्यात मोटरचं भोकच नसतं. टफन केलेल्या, म्हणजे तापवून कडक केलेल्या काचेला नंतर भोक पाडता येत नाही, ती चुरा होते. मागची काच तापवून वाफ घालवणाऱ्या डिफॉगरचंही तसंच. त्या तांबूस आडव्या रेघा काचेवर भाजून छापलेल्या असतात, त्यामुळे काचच बदलावी लागते, शिवाय रिले, फ्यूज आणि बटण. नव्या गाड्यांत दिवे, वायपर वगैरे चालवणाऱ्या छोट्या संगणकाला, म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्यूलला, ही जोडणी माहीत नसेल तर ते बटण जिवंतही होत नाही. वायरिंग कापून जोडलेलं असेल तर पुढे विजेची कसलीही तक्रार निघाली की वॉरंटीचा वाद ठरलेला. हे दोन्ही पाहिजे असतील तर गाडी बुक करतानाच ते असलेला व्हेरियंट घ्या.

गाडी आधीच घेतली असेल तर एवढं करता येईल. बाहेरून काच साबणाच्या पाण्याने, मग स्पिरिटने पुसून तेलकटपणा काढा आणि पाणी न धरणारं कोटिंग लावा. पावसाळ्यात ते महिना-दोन महिन्यांनी पुन्हा लावावं लागतं. थेंब घसरून जातात, पण चिखलावर त्याचा इलाज नाही, त्यामुळे गाडीत एक फडकं आणि पाण्याची बाटली हवीच. आतल्या बाजूने डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकमधून सुटणाऱ्या वाफेचा पातळ थर काचेवर बसतो आणि वाफ त्या थरावर जास्त धरते. महिन्यातून एकदा आतली काच स्वच्छ मायक्रोफायबरने पुसली तर फरक लगेच दिसतो. पुढच्या काचेवर आतून वाफ धरली की एसी सुरू, हवा बाहेरून आत घेणारी सेटिंग, झोत काचेवर, तापमान थोडं गरम, पंखा जोरात. हवा आतल्या आत फिरवण्याचं बटण चालू राहिलं असेल तर पाच माणसांच्या श्वासाची ओल गाडीतच फिरत राहते आणि काही केल्या काच साफ होत नाही. उलट वाफ बाहेरून धरली असेल, आणि कोकणातल्या जुलैत ती धरते, तर एसी फार थंड झालाय असं समजायचं. तापमान वाढवा, काचेवरचा झोत पायाकडे वळवा आणि एकदा वायपर फिरवा.

रिव्हर्स कॅमेऱ्याच्या भरवशावर मागच्या काचेचा आकार कमी केलेल्या गाड्याही आता बऱ्याच आहेत. कॅमेरा नंबरप्लेटच्या वर, म्हणजे सगळ्यात जास्त चिखल उडतो त्याच जागी असतो आणि त्याला धुणारी नळी फार थोड्या गाड्यांत असते. शिवाय मागे जाताना तो उपयोगी; लेन बदलताना बहुतेक गाड्यांत तो बंदच असतो.

दिवे

आधी दिवसा लागणारे दिवे, म्हणजे डीआरएल. यांची पट्टी पुढून झकास दिसते, फोटोत गाडीची ओळखच ती असते. अडचण अशी की बहुतेक गाड्यांत डीआरएल लागलेले असताना मागचे लाल दिवे बंद असतात. पूर्वी काटे असलेलं मीटर संध्याकाळी अंधारात जायचं, मग चालकाला आपोआप कळायचं की हेडलाइट लावायचे राहिलेत. आता मीटरची स्क्रीन दिवसरात्र उजळ असते आणि समोर रस्त्यावर डीआरएलचा थोडा प्रकाशही पडतो. उजेडाच्या शहरी रस्त्यावरून निघालेली गाडी तशीच हायवेला लागते आणि मागून ती काळी ठिक्कर असते. ऑटो हेडलाइट असले तरी पावसात पूर्ण विश्वास नको, कारण तो सेन्सर अंधार मोजतो. दुपारी तीन वाजता मुसळधार पावसात आकाश पांढरं असेल तर तो दिवे लावेलच असं नाही. पाऊस सुरू झाला की लो बीम, म्हणजे हेडलाइटचा खालचा झोत, हाताने लावायचे. हॅझार्ड लावून चालवू नका. दोन्ही बाजूंचे इंडिकेटर लुकलुकत असताना तुम्ही लेन बदलताय हे मागच्याला कळायचं कसं?

मग इंडिकेटर. मागच्या बाजूने डिकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल पट्टी असण्याची फॅशन आहे. डिकीचं दार हलतं, उघडलं की त्यावरचे दिवे आकाशाकडे तोंड करतात. म्हणून कायद्याला लागणारे दिवे गाडीच्या न हलणाऱ्या भागावर ठेवावे लागतात. पट्टीची सलगता मोडायची नाही म्हणून डिझाइनर इंडिकेटर आणि रिव्हर्सचा दिवा खाली बंपरात नेतात. नियमात ते बसतं, कारण किमान उंचीची अट जमिनीपासून साधारण ३५ सेंटिमीटरची आहे. पण आपल्या रस्त्यावर याचे तीन परिणाम होतात. सिग्नलला मागे गाडी चिकटून उभी असते, तिच्यामागच्या दुचाकीस्वाराला बंपर दिसतच नाही. पावसात बंपर आधी चिखलाने माखतो. आणि गर्दीत स्कूटरचा हलका धक्का लागला तरी आधी फुटतो तो इंडिकेटर. गाडी बघायला गेलात की एकाला आत बसवून उजवा इंडिकेटर लावायला सांगा, स्वतः मागे दहा पावलं जा आणि स्कूटरवर बसल्याच्या उंचीला वाकून बघा. मग तिरक्या बाजूने, मागच्या चाकाच्या रेषेत उभं राहून बघा. पुढे डीआरएलच्या पट्टीला लागून इंडिकेटर असेल तर इंडिकेटर लागल्यावर त्या बाजूची पट्टी मंद होते का तेही पाहा. होत नसेल तर पांढऱ्या झगमगाटात पिवळा दिवा हरवतो.

हेडलाइटची गोष्ट अंकांत समजते. लो बीमच्या प्रकाशाची वरची कड साधारण एक टक्का खाली झुकवलेली असते, म्हणजे दहा मीटरवर दहा सेंटिमीटर. दिवा जमिनीपासून ८५ सेंटिमीटरवर असेल तर ती कड ८५ मीटरवर रस्त्याला टेकते. वर डीआरएलची बारीक पट्टी आणि खरा दिवा खाली बंपरात, अशी रचना केली की दिवा ६५ सेंटिमीटरवर येतो आणि तीच कड ६५ मीटरवर टेकते. वीस मीटर गेले. ताशी ८० ने जाताना ते एका सेकंदाहून थोडं कमी अंतर आहे, पण न दिवा लावता उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीसमोर तो सेकंद लाखमोलाचा असतो. खालचा दिवा समोरच्याच्या डोळ्यांत कमी जातो, हा त्याचा खरा फायदाही आहे, ते मान्य करायला हवं.

डॅशबोर्डवर ० ते ३ असं छोटं चाक असतं, ते हेडलाइट खाली-वर करण्यासाठी. मागे तिघं बसले आणि डिकी भरली की गाडीचं नाक वर होतं. नुसता एक अंश वर गेलं तरी तो जवळपास पावणेदोन टक्के असतो, म्हणजे एक टक्क्याचा झुकाव संपून प्रकाश समोरच्याच्या तोंडावर. भरलेल्या गाडीत ते चाक २ किंवा ३ वर ठेवा, एकटे असाल तेव्हा ० वर आणा. तपासायचं असेल तर टायरची हवा बरोबर करून, चालक सीटवर बसवून, सपाट जागेत गाडी भिंतीपासून पाच मीटरवर उभी करा. प्रकाशाची कड दिव्याच्या मध्यापेक्षा सुमारे पाच सेंटिमीटर खाली पडायला हवी. दोन्ही दिव्यांची उंची सारखी नसेल तर सर्व्हिस सेंटरला सांगून जुळवून घ्या. बॉनेट उघडलं की दिव्यामागे त्याचे स्क्रू असतात.

मागचा फॉग लॅम्प बरेचदा एकाच बाजूला असतो किंवा रिव्हर्सचा दिवा एकच दिलेला असतो. एकच असणं नियमाबाहेर नाही. पण रात्री अंधाऱ्या पार्किंगमध्ये मागे घेताना एका बाजूचा खड्डा दिसत नाही, एवढं लक्षात ठेवा.

खांब, काचा आणि चकाकी

पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब आता जाड आहेत आणि त्याला सबळ कारण आहे: गाडी उलटली तर छत त्यांनी पेलायचं असतं. पण वेगवान दिसावं म्हणून काच जास्त तिरकी केली की तोच खांब चालकाच्या डोळ्यांसमोर आडवा पसरतो. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक १२५ नुसार एका खांबाने जास्तीत जास्त ६ अंश दृश्य झाकावं. ६ अंश ऐकायला किरकोळ वाटतात. पण १० मीटरवर ते एक मीटर होतं आणि २० मीटरवर दोन मीटर, म्हणजे आडवी जाणारी अख्खी मोटरसायकल. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे उजवा खांब डोळ्याला जवळ आणि जास्त झाकणारा. चौकात, गोलाकार सर्कलला वाहनं येतात तीही उजवीकडूनच. दुचाकी आणि तुम्ही एकाच बिंदूकडे सारख्या प्रमाणात सरकत असाल तर ती शेवटपर्यंत खांबाआडच राहते. म्हणून वळण्याआधी नुसती मान न फिरवता कमरेतून पुढे-मागे झुकून बघायची सवय लावा. चाचणीच्या फेरीत हे मुद्दाम तपासा, आणि घरातला सगळ्यात बुटका चालक असेल त्याला किंवा तिलाच चालवायला द्या. खिडक्यांची खालची कड मागे जाताना वर चढत जाते, ती रेघ फोटोत छान दिसते. त्या रेघेमुळे डावीकडे-मागे जी जागा झाकली जाते तिथे स्कूटर मावते.

आतल्या आरशाला रात्री खाली ओढायचा प्लॅस्टिकचा छोटा खटका असतो, ज्यामुळे मागच्याचा झोत डोळ्यांत येत नाही. काही बेस मॉडेलमध्ये तोही काढून टाकलेला असतो. यात वाचतात किती रुपये? ही कपात मला सगळ्यात नामुष्कीची वाटते. सुदैवाने हा आरसा बदलणं सोपं आहे, त्याच गाडीच्या वरच्या व्हेरियंटचा मागवा. चकचकीत काळं प्लॅस्टिक आणि क्रोमच्या पट्ट्या गिअरजवळ असतील तर दुपारी एक ते चारमध्ये त्यांची तिरीप कुठे येते ते बघा. फिकट रंगाचा डॅशबोर्ड पुढच्या काचेत उमटतो. गडद, खडबडीत प्लॅस्टिक दिसायला साधं, पण गाडी चालवणाऱ्याच्या डोळ्यांना तेच बरं.

स्क्रीनमध्ये गेलेली बटणं

बटणं काढून सगळं स्क्रीनवर नेणं हे आधुनिक म्हणून विकलं जातं, पण त्यामागे खर्चाचं गणित आहे. प्रत्येक बटणाला साचा, वायर, आतला दिवा, चाचणी आणि जोडणीचा वेळ लागतो. स्क्रीन तर कॅमेऱ्यासाठी द्यायचीच असते, मग तीस बटणांचं काम सॉफ्टवेअरवर टाकलं की झालं. २०२२ मध्ये स्वीडनच्या 'व्ही बिलॅगरे' या मासिकाने ताशी ११० वेगाने चाचणी घेतली: सीट गरम करणं, तापमान बदलणं, रेडिओचं स्टेशन लावणं अशी मोजकी कामं. २००५ च्या बटणवाल्या व्होल्व्हो व्ही७० मध्ये ती १० सेकंदांत, ३०६ मीटरमध्ये झाली. एमजी मार्व्हल आर या स्क्रीनवाल्या गाडीत ४४.९ सेकंद लागले, म्हणजे १,३७२ मीटर. जर्मनीत २०२० मध्ये कार्ल्सरूहच्या न्यायालयाने टेस्ला चालवणाऱ्याचा दंड आणि एक महिन्याची वाहनबंदी कायम केली. मुसळधार पावसात वायपरचा वेग स्क्रीनवर बदलताना त्याची गाडी रस्त्याबाहेर गेली होती. युरोपात गाड्यांना सुरक्षिततेचे स्टार देणाऱ्या युरो एनकॅपने २०२६ पासून इंडिकेटर, हॅझार्ड, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन कॉल यांना स्वतंत्र बटण किंवा दांडा असण्याला गुण ठेवले आहेत.

आपल्या रस्त्यांवर आणखी एक भर पडते. खड्ड्यात गाडी उडाली की बोट स्क्रीनवर भलत्याच जागी पडतं. बटण बोटाला लागतं, स्क्रीन सगळीकडे सारखीच गुळगुळीत. शोरूममध्ये उभ्या गाडीत परीक्षा घ्या: नजर समोरच्या एका खांबावर ठेवायची आणि शेजारच्याने एकेक काम सांगायचं. पुढच्या काचेवर झोत, मागचा डिफॉगर, पंखा दोन पायऱ्या वर, हॅझार्ड, गाण्याचा आवाज बंद. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा विभागाच्या २०१३ च्या सूचनेप्रमाणे एका वेळी दोन सेकंदांपेक्षा जास्त नजर रस्त्यावरून हटू नये. ताशी ८० ला दोन सेकंद म्हणजे ४४ मीटर. काचेवरची वाफ काढायला दोन मेनू उघडावे लागत असतील तर ती गाडी पावसाळ्यातल्या घाटासाठी नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

बेल्ट आणि हेडरेस्ट

पुढच्या सीटच्या बेल्टचं वरचं टोक खाली-वर करायची खाच हा फार छोटा भाग, पण खालच्या व्हेरियंटमधून हमखास गळतो. पाच फुटांच्या आसपास उंची असलेल्या बाईला मग बेल्ट मानेला घासतो. ती तो काखेखालून घेते, आणि तसा घेतलेला बेल्ट धडकेत बरगड्यांवर आणि पोटावर सगळा भार टाकतो. बेल्ट मान आणि खांद्याचं टोक यांच्या मधोमध, खालची पट्टी कमरेच्या हाडावर, पोटावर नाही. खाच नसेल तर सीटची उंची वाढवता येते का बघा, पाठ थोडी उभी करा. बेल्ट ढिला धरून ठेवणारी प्लॅस्टिकची क्लिप वापरू नका. सीटची उंची बदलणारा दांडा नसलेल्या गाडीत घरातल्या दोघांना दोन उंचीचा त्रास रोज होणार, हे खरेदीच्या वेळी धरून चाला.

हेडरेस्टचं वरचं टोक डोक्याच्या वरच्या रेषेला यायला हवं आणि डोक्यामागची फट चार बोटांपेक्षा जास्त नको. मागून धडक बसली की मान मागे झटकते, ती अडवणं एवढंच त्याचं काम. सीटला जोडूनच शिवलेले, न हलणारे हेडरेस्ट पुढे उंच माणसाला कमी पडतात. मागच्या सीटवर तर काही गाड्यांत नुसता उंचवटाच असतो, जो साडेपाच फुटी माणसाच्या मानेपाशी संपतो. मागच्या मधल्या सीटला हेडरेस्ट आहे का, बेल्ट खांद्यावरून येणारा आहे का हे ब्रोशरमध्ये शोधू नका, हात लावून बघा.

४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात मागच्या सीटवर बेल्ट न लावता बसलेले उद्योगपती सायरस मिस्त्री गाडीच्या अपघातात गेल्यावर मागच्या बेल्टची चर्चा देशभर झाली. १ एप्रिल २०२५ पासून मागच्या सीटनाही बेल्टची आठवण करून देणारी यंत्रणा सक्तीची झाली आहे. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अलार्म बंद करणाऱ्या नकली क्लिपा ऑनलाइन विक्रीतून काढायला लावल्या, तरी त्या दुकानांत सापडतात. आणि आपणच घातलेली सीट कव्हरं मागच्या बेल्टचे बकल गिळून टाकतात. गाडी ताब्यात घेतल्यावर कव्हर बसवणाऱ्याला बकल बाहेर काढूनच शिवायला सांगा. सीटच्या कडेला एअरबॅगची छोटी चिठ्ठी शिवलेली असेल तर तिथली शिवण उसवणारं खास कव्हर हवं. साधं जाड रेक्झिन त्या एअरबॅगला वेळेत बाहेर येऊ देत नाही. अशा गाडीला मी तर कव्हर घालूच नका म्हणेन.

टायर

मोठं अलॉय व्हील दिसायला देखणं, पण टायरची भिंत त्यात बारीक होते. २१५/६० आर १६ ची भिंत २१५ मिलिमीटर रुंदीच्या साठ टक्के, म्हणजे १२९ मिलिमीटर. २३५/४५ आर १८ ची १०६ मिलिमीटर. खड्ड्याच्या धारेवर ही भिंत रिम आणि दगड यांच्यात चिमटली जाते, आतले दोरे तुटतात आणि फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही. स्टेपनी बारीक असेल तर तिच्यावर लिहिलेली वेगमर्यादा, बहुधा ताशी ८०, पाळा. २०२० पासून हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर किट असलेल्या ट्यूबलेस गाड्यांना स्टेपनी न देण्याचीही मुभा आहे, आणि भिंत फाटलेल्या टायरला किटचा काही उपयोग नाही.

प्रत्येक कपात धोक्याची असते असं नाही. छोट्या गाडीला मागे ड्रम ब्रेक असणं ठीकच आहे. ब्रेकचं बहुतेक काम पुढची चाकं करतात. चांगल्या रिफ्लेक्टरचा हॅलोजन दिवा वाईट एलईडीपेक्षा पावसात बरा पडतो आणि बल्ब काही शे रुपयांत कुठेही मिळतो, तर एलईडीचा अख्खा संच बदलावा लागतो. वाचलेला पैसा अशा ठिकाणी वाचला तर हरकत नाही.

दाराच्या मुठी

शेवटी दारं, कारण स्टायलिंगचा सगळ्यात गंभीर मुद्दा मला हा वाटतो. पत्र्यात सपाट बसणाऱ्या मुठी दोन प्रकारच्या असतात. एक नुसती दाबून बाहेर येणारी, जिला तार किंवा दांडा जोडलेला असतो. दुसरी मोटरने बाहेर येणारी, जिथे कुलूपही विजेवर उघडतं. दुसऱ्या प्रकारात धडकेनंतर १२ व्होल्टची बॅटरी तुटली किंवा उतरली तर बाहेरच्या माणसाला धरायला काहीच उरत नाही. इलेक्ट्रिक गाडीतही मोठी बॅटरी भरलेली असली म्हणून दार उघडेल असं नाही, कुलपाला लागते ती छोटीच. अमेरिकेत सप्टेंबर २०२५ मध्ये टेस्लाच्या २०२१ च्या मॉडेल वाय गाड्यांची याच तक्रारीवरून सरकारी चौकशी सुरू झाली. चीनने १ जानेवारी २०२७ पासून नव्या गाड्यांच्या दारांना आतून आणि बाहेरून यांत्रिक पद्धतीने उघडण्याची सोय असलीच पाहिजे असा नियम केला आहे.

मुंबईला हा विषय परका नाही. २६ जुलै २००५ च्या पुरात गाड्यांमध्ये अडकून माणसं गेली, पाण्यात विजेच्या काचा आणि कुलपं चालेनाशी झाली होती. म्हणून गाडी ताब्यात घेताना विक्रेत्याकडून एवढं करून घ्या: बॅटरीचं टर्मिनल काढायला लावा आणि चारही दारं आतून, मग बाहेरून उघडून दाखवायला सांगा. मागच्या दारांची आपत्कालीन तार, म्हणजे वीज नसताना ओढून दार उघडायची तार, कुठे आहे ते नीट बघा. काही गाड्यांत ती दाराच्या खणातल्या रबरी चटईखाली किंवा स्पीकरच्या जाळीमागे असते आणि लहान मुलाला ती कधीच सापडणार नाही. चाइल्ड लॉक लावल्यावर ती तार चालते का तेही विचारा. मग खिडकीच्या कोपऱ्यातला शिक्का वाचा. टफन काच असेल तर टोकदार हातोडीने कोपऱ्यात मारल्यावर ती फुटते, मधोमध मारून फारसा उपयोग नाही. लॅमिनेटेड, म्हणजे दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा थर असलेली, असेल तर हातोडीने तडे जातील पण काच जागेवरच राहील. पुढची काच सगळ्याच गाड्यांत अशी असते, आणि महागड्या गाड्यांत आवाज कमी करण्यासाठी बाजूच्या काचाही अशाच देऊ लागले आहेत. म्हणून कोणती काच टफन आहे ते घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा. हातोडी डिकीत नको, चालकाचा हात पोचेल तिथे, बेल्ट लावलेला असताना हात पोचतो का हे बघून मग चिकटवा.